कोरल ब्युटी ओळखायची कशी? बुटक्या एंजल माशांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात घरी समुद्री टाकी ठेवून मला बरीच वर्षं झाली, आणि जमेल तेव्हा डायव्हिंगलाही जातो, त्यामुळे नातेवाईक, मित्र, मित्रांचे मित्र असे सगळे फोटो पाठवून "हा कुठला मासा" विचारत असतात. त्यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो या छोट्या एंजलांचा. तेच तेच उत्तर दहा वेळा टाइप करून कंटाळा आला म्हणून सगळं एकदाच इथे लिहून टाकतोय.

कोरल ब्युटी म्हणजे नक्की कोणता मासा?

शास्त्रीय नाव सेंट्रोपायज बायस्पिनोसा. जास्तीत जास्त १० सेंटीमीटर, म्हणजे तळहातावर मावेल एवढा. डोकं आणि पाठीपोटावरचे पर गडद निळे-जांभळे, मधलं अंग केशरी किंवा सोनेरी आणि त्यावर वरून खाली बारीक बारीक निळ्या-काळ्या रेघा, जणू पेनाने कुणीतरी घाईत मारल्यात. परांची कड चकचकीत निळी. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून थेट पॅसिफिकमधल्या तुआमोतू बेटांपर्यंत, वर जपानचं इझू आणि खाली ऑस्ट्रेलियाचं लॉर्ड होव, एवढ्या मोठ्या पट्ट्यात सापडतो. हा ज्या गटातला आहे त्या सेंट्रोपायज गटात तीसहून जास्त जाती आहेत आणि त्या सगळ्यांना मिळून ड्वार्फ एंजल म्हणतात, मी बुटके एंजल म्हणतो.

आमच्याकडे एंजल फिश होता की, पांढरा-काळा, त्रिकोणी. तोच का?

नाही. हा प्रश्न इतका येतो ना! कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानात "एंजल" म्हटलं की जो मिळतो, लांब लांब परांचा पतंगासारखा, तो गोड्या पाण्यातला, मूळचा अमेझॉनच्या खोऱ्यातला सिक्लिड आहे. त्याचं या माशाशी नाव सोडून काही नातं नाही. आपण ज्याच्याबद्दल बोलतोय तो खाऱ्या पाण्यातला, प्रवाळांच्या रीफवरचा, आणि गोड्या पाण्यात टाकलात तर थोड्याच वेळात मरेल. म्हणून दुकानात जाताना "मरीन एंजल" असं स्पष्ट सांगा.

ओळखायची पक्की खूण कोणती?

गालावरचा काटा. बाकी सगळं नंतर.

कल्ल्याचं झाकण जिथे सुरू होतं त्याच्या खालच्या कोपऱ्यातून एक मजबूत काटा मागच्या बाजूला निघालेला असतो. एंजलच्या अख्ख्या कुळात, लहान असो की हातभर मोठा, हा काटा असतोच आणि त्याचा जवळचा भाऊबंद बटरफ्लायफिश, त्याला तो नसतो. लांबून दोघं सारखेच दिसतात, चपटे, रंगीत, रीफवर टुणटुण फिरणारे, त्यामुळे पहिली चाळणी हीच. कोरल ब्युटीचा काटा निळसर असतो आणि उजेड बरोबर पडला तर फोटोतही दिसतो. जाळीतून काढताना मात्र हाच काटा अडकतो, मग मासा तडफडतो, आपण घाबरतो, जाळी कापावी लागते. मी एकदा भाजी चिरायच्या छोट्या सुरीने जाळीचा एकेक धागा कापत बसलो होतो आणि मागून आई विचारतेय की सुरी परत मिळणार आहे का. तेव्हापासून एंजल पकडायला जाळी वापरत नाही, प्लॅस्टिकच्या डब्यात हाकलतो.

दुसरी खूण अंगाची ठेवण. बुटका एंजल लांबट-गोल असतो, बदामासारखा, तोंड अगदी छोटं. तिसरी खूण चाल, आणि माझ्या मते पाण्यात असताना हीच सगळ्यात कामाची. तो मोकळ्यावर थांबत नाही, दगडाच्या एका भोकातून बाहेर आला, दोन चोची मारल्या, एका कुशीवर कलून तुमच्याकडे एका डोळ्याने बघितलं आणि दुसऱ्या भोकात गेला. शेजारच्या बाई दाराच्या फटीतून बघतात ना, सेम तसं.

पण रंग बघून सरळ कळत नाही का?

कळतं आणि फसतंही. एक तर कोरल ब्युटीचे रंग जागेप्रमाणे बदलतात, कुठे जवळजवळ सगळा निळा आणि पोटाजवळ नावाला केशरी, कुठे इतका लालसर की लोक त्याला फ्लेम एंजल समजतात. दुसरं म्हणजे संकर. पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटाकडे शेपर्ड एंजल म्हणून याचा भाऊ आहे, त्या दोघांची मिश्र पिल्लं सापडलेली आहेत आणि ती बघून भलेभले डोकं खाजवतात.

आणि तिसरं पाणी. पाण्यात खाली गेलं की लाल-केशरी उजेड आधी गायब होतो. बालीला तुलांबेनला एक बुडालेलं जहाज आहे, अमेरिकेचं लिबर्टी, १९४२ मध्ये टॉर्पेडो लागून किनाऱ्यावर आणून टेकवलेलं आणि १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखी फुटला तेव्हा घसरून समुद्रात गेलेलं. तिथे साधारण १८ मीटरवर जहाजाच्या पत्र्याआड मला एक काळपट जांभळा ठिपका हलताना दिसला, वाटलं डॅमसेल म्हणजे रीफवरचा नेहमीचा छोटा मासा असेल, सोडून देणार होतो. टॉर्च मारला आणि चुलीतल्या निखाऱ्यावर फुंकर घातल्यावर राख उडून आतला केशरी दिसतो तसा तो एकदम पेटला. टॉर्च बाजूला केला की परत राख. गाइडने मला ओढून पुढे नेईपर्यंत मी तेच करत बसलो होतो. तर सांगायचं हे की टॉर्च किंवा फ्लॅश नसेल तर खोल पाण्यातल्या फोटोतल्या रंगावर अजिबात विश्वास ठेवू नका.

फ्लेम, लेमनपील, बायकलर हे वेगळे का?

हो, सगळे याच गटातले. फ्लेम भडक लाल-केशरी, अंगावर उभे काळे पट्टे, तो मध्य पॅसिफिकचा. लेमनपील पूर्ण पिवळा आणि डोळ्याभोवती निळं कडं. कडं नसेल तर तो हेराल्डचा एंजल असण्याची शक्यता जास्त. बायकलर अर्धा पिवळा अर्धा निळा, १५ सेंटीमीटरपर्यंत जातो म्हणजे बुटक्यांमधला उंच. पॉटरचा एंजल दिसायला कोरल ब्युटीच्या जवळ जातो, केशरी अंग आणि निळ्या-काळ्या वेड्यावाकड्या रेघा, पण तो हवाई आणि जवळचं जॉन्स्टन बेट सोडून कुठे नाही. म्हणजे फोटो कुठे काढला हे सांगितलंत की अर्धं काम तिथेच होतं.

एंजलसारखा दिसतो पण गालावर काटा दिसत नाही, असं कसं?

मग तुम्ही बहुरूप्याच्या तावडीत सापडलात. सर्जनफिशच्या काही जातींची पिल्लं बुटक्या एंजलची हुबेहूब नक्कल करतात. पॅसिफिककडे चॉकलेट सर्जनफिशचं पिल्लू कुठे लेमनपीलसारखं पिवळं तर कुठे पर्लस्केल एंजलसारखं पुढून राखाडी आणि मागून काळं, ज्या भागात जो एंजल त्याचा वेश. आपल्या हिंदी महासागरात त्याचाच एक नातेवाईक एब्लच्या एंजलची नक्कल करतो. मोठा झाला आणि एंजलच्या मापात मावेनासा झाला की वेश उतरवतो आणि साधा तपकिरी सर्जनफिश होतो. हे का करतो यावर एक मत असं की काटेवाल्या चपळ एंजलच्या मागे शिकारी मासे फारसे लागत नाहीत, त्याचा फायदा पिल्लाला मिळतो. ओळखायचं कसं, तर गाल बघा आणि मग शेपटीचं मूळ बघा, सर्जनफिशला तिथे दोन्ही बाजूंना एकेक छोटं पातं असतं. काटा गालावर तर एंजल, पातं शेपटीशी तर सर्जन.

हा बुटका एंजल आहे की मोठ्या एंजलचं पिल्लू?

चांगला प्रश्न, कारण मोठे एंजल, म्हणजे एम्परर वगैरे, ४० सेंटीमीटरपर्यंत वाढतात आणि त्यांची पिल्लं अगदी वेगळ्याच रंगाची असतात. एम्पररचं पिल्लू गडद निळं, त्यावर पांढरी वर्तुळं, मोठा झाल्यावर पिवळे-निळे आडवे पट्टे. बुटक्यांमध्ये बहुतेक जातींत पिल्लू म्हणजे मोठ्याचीच छोटी आवृत्ती. काळ्या-निळ्या अंगावर पांढऱ्या ठळक कमानी किंवा गोल दिसले की "छोटासा आहे, टाकीत मावेल" म्हणून घेऊ नका, वर्षा-दोन वर्षांत टाकी बदलावी लागेल.

नर कोणता, मादी कोणती?

कोरल ब्युटीत नुसतं बघून सांगणं अवघड आहे, नर थोडा मोठा असतो एवढंच. फ्लेममध्ये सोपं, नराच्या मागच्या परांच्या टोकाला निळा जास्त असतो.

पण खरी गंमत वेगळीच आहे. हे मासे आधी मादी असतात, सगळेच्या सगळे. तीन ते सात जणांचं टोळकं असतं, एक नर आणि बाकी माद्या, आणि माद्यांमध्येही उतरंड असते, सगळ्यात मोठी ती वरची. नर मेला किंवा कुणी खाल्ला की ही वरची मादी नर व्हायला लागते. आधी वागणं बदलतं, बाकीच्यांवर दादागिरी सुरू होते, आणि मग काही आठवड्यांत शरीरही बदलतं. जपानच्या मियाके-जिमा बेटावर मॉयर आणि नाकाझोनो या दोघांनी सेंट्रोपायज इंटरप्टा या भावंडावर अभ्यास करून १९७८ मध्ये हे मांडलं. नंतर असंही दिसलं की काही जातींत नर परत मादी होऊ शकतो, म्हणजे दोन नर एकत्र कोंडले आणि एक हरला तर. आमच्या सोसायटीच्या कमिटीत अध्यक्ष बदलायला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

घरी अंडी देतात का?

जोडी जमली आणि टाकी उंच असली तर देतात. संध्याकाळी दिवे मंदावायला लागले की नर मादीभोवती पर ताठ करून मिरवतो, तिच्या पोटाला तोंडाने ढोसतो, मग दोघं एकदम वर उसळतात, अंडी आणि शुक्राणू सोडतात आणि पटकन खाली दडतात. सगळं दोन-तीन सेकंदात. अंडी तरंगतात, एक मिलिमीटरहूनही लहान, आणि साधारण दिवसभरात फुटतात. पण पिल्लं वाढवणं हे घरच्या माणसाचं काम नाही हो, निघतात तेव्हा त्यांना तोंडही धड नसतं आणि नंतर जे खातात ते इतकं सूक्ष्म असतं की बाजारातलं नेहमीचं पिल्लांचं खाणं त्यांच्या तोंडात जात नाही. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हवाईत फ्रँक बेन्श यांनी बुटक्या एंजलांची पिल्लं वाढवून दाखवली तेव्हा हौशी लोकांत केवढी चर्चा झाली होती. अजूनही दुकानात येणारे बहुतेक समुद्रातूनच पकडलेले असतात.

खातो काय?

दिवसभर चरतो. मुख्य म्हणजे शेवाळ, आणि त्यातले बारीक जीव, दगडावरचा गाळ. माझी कोरल ब्युटी सकाळी दिवे लागले की टाकीच्या डाव्या कोपऱ्यातल्या एकाच दगडापासून सुरू करायची, टुक टुक टुक, आणि त्या दगडावर नखाएवढे फिकट डाग पडलेले असायचे. म्हणून नव्या कोऱ्या टाकीत, जिथे दगडावर काही उगवलेलंच नाही, तिथे हा मासा टाकू नये, टाकी आधी निदान काही महिने मुरू द्या, लोणच्यासारखी. वरून खायला स्पिरुलिनाचं खाणं, सुशीची नोरी म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ क्लिपला लावून, फ्रोझन मायसिस म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, कधी बारीक चिरलेली कोळंबी. नुसत्या कोळंबीवर ठेवलात तर रंग उतरतो, शाकाहार हवा.

प्रवाळ असलेल्या टाकीत चालतो का?

चालतो, नशीब असेल तर. खरंच दुसरं उत्तर नाही. एक कोरल ब्युटी पाच वर्षं शहाण्यासारखी राहील आणि दुसरी पहिल्याच आठवड्यात मांसल प्रवाळांना चोची मारायला लागेल. मोठ्या पॉलिपवाले प्रवाळ, झोआ म्हणजे बटणांसारखे मऊ प्रवाळ आणि जायंट क्लॅम या मोठ्या शिंपल्याची रंगीत किनार यांना धोका जास्त. माझ्याकडे दीड वर्ष क्लॅमकडे ढुंकून न बघणारी ब्युटी मी चार दिवस गावाला गेलो आणि खाणं घालायचं काम भाच्याला दिलं तेव्हा बिघडली, कारण भाचा विसरला आणि तिने क्लॅम चाखून बघितला. चव लागली ती लागलीच. शेवटी क्लॅम मित्राला दिला, मासा ठेवला, बायको म्हणाली उलट करायला हवं होतं.

दोन ठेवल्या तर?

मोठी टाकी असेल तर एक मोठी एक छोटी अशा, एकाच वेळी सोडा. सारख्या मापाच्या दोन नकोत, भांडतील. वेगळ्या जातीचा बुटका एंजल असला तरी तेच. आणि बाकी सगळे मासे टाकून झाल्यावर शेवटी एंजल टाकायचा, आधी टाकला तर तो टाकीचा मालक होऊन बसतो.

टाकी किती मोठी, पाणी कसं?

माझ्या मते २५० लिटरच्या खाली नको, मासा छोटा असला तरी सतत फिरणारा आहे आणि त्याला लपायला भरपूर भोकं असलेले दगड हवेत. तापमान २५-२६ अंश, खारेपणा (विशिष्ट गुरुत्वात) १.०२३ ते १.०२५. ऐकायला सोपं आहे पण ठाण्या-मुंबईत मे महिन्यात खोलीच ३३-३४ ला जाते, वर दिवे, वर पंप, मग पाणी गार ठेवणारा चिलर लागतो आणि चिलर आला की वीजबिल येतं. लाइट जाते त्या भागात असाल तर बॅटरीवरचा हवेचा पंप आधी घ्या आणि मासा नंतर.

दुकानात निवडताना काय बघू?

"माझ्यासमोर खायला घाला" म्हणा. खात नसेल तर परत या, कितीही सुंदर असला तरी. पाठीकडचा भाग आत बसलाय का, पोट खपाटीला गेलंय का, श्वास भराभर चाललाय का, अंगावर मिठासारखे दाणे किंवा धुळीसारखी साय आहे का हे बघा. सुरुवातीला मी एका दुकानातून आदल्याच रात्री आलेली ब्युटी घेतली, दुकानदार म्हणाला उद्या खाईल, ती अकरा दिवस काहीही न खाता दगडामागे राहिली आणि बाराव्या दिवशी गेली. आता मासा दुकानात आठवडाभर राहिल्याशिवाय घेत नाही, तेवढ्यात दुसऱ्याने नेला तर नेला.

इच (अंगावर मिठासारखे पांढरे दाणे येणारा परजीवी रोग) झाला तर तांब्याचं औषध चालेल?

जपून. बुटके एंजल तांब्याला नाजूक असतात, डोस हळूहळू वाढवायचा, टेस्ट किटने रोज मोजायचं, आणि हे सगळं वेगळ्या टाकीत, कारण प्रवाळ, क्लॅम, कोळंबी तांब्याने मरतात. वेगळ्या टाकीत लपायला पाइपचे तुकडे टाका, नाहीतर भीतीनेच जाईल.

हा मासा धोक्यात आहे का? पाळणं बेकायदा?

जात म्हणून कोरल ब्युटी सध्या धोक्यात मानली जात नाही, तिचा पसारा खूप मोठा आहे. प्रश्न पकडायच्या पद्धतीचा आहे. फिलिपीन्स, इंडोनेशियात सोडियम सायनाइडचं पाणी दगडाच्या भोकात फवारून मासे गुंगवून काढायची पद्धत वर्षानुवर्षं चाललेली आहे, त्यात बाजूचे प्रवाळ मरतात आणि मासाही पुढे काही आठवड्यांत काहीही कारण नसल्यासारखा जातो. माझ्या त्या अकरा दिवसांच्या ब्युटीचं तसंच असेल का, असा संशय मला आजही येतो. भारतात कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे आपल्या समुद्रातून प्रवाळ उचलून आणणं गुन्हा आहे, "एक छोटा तुकडा" पण. सुट्टीहून येताना बॅगेत टाकू नका.

मालवणला दिसेल का?

बुटका एंजल दिसेल अशी आशा ठेवून जाऊ नका. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जे खडक आणि प्रवाळ आहेत तिथे एंजल दिसतो तो मोठा, ब्लू रिंग एंजल, तपकिरी-सोनेरी अंग, त्यावर वाकड्या निळ्या रेघा, पांढरी शेपटी आणि कल्ल्याच्या वर एक निळं कडं. लोक स्कूबा करून येतात आणि तो फोटो "कोरल ब्युटी" म्हणून पाठवतात. ताटाएवढा मासा आहे, बुटका कसा असेल! पण सुंदर आहे, आणि आपल्या घरचा आहे.

बुटके बघायचे तर लक्षद्वीप किंवा अंदमान. लक्षद्वीप-मालदीवकडे मल्टिस्पिनिस नावाचा तपकिरी एंजल, गडद चॉकलेटी, कल्ल्यामागे वरच्या बाजूला काळा मोठा ठिपका आणि पोटाखालच्या परांना झगझगीत निळी कड. कुणी त्याचे फोटो काढत नाही बिचाऱ्याचे. अंदमानला एब्लचा एंजल, राखाडी अंगावर केशरी नागमोडी रेघा आणि काळी शेपटी, आणि आधी म्हटलं तसं, त्याच्याबरोबर त्याचा बहुरूपीही असू शकतो.

खायला चालतो का?

मामांनी विचारलं होतं. १० सेंटीमीटर, त्यात काटे. नाही.

पुस्तकात बायस्पिनोसस लिहिलंय, इथे बायस्पिनोसा, कुठलं खरं?

दोन्ही एकच मासा. गुंथर या शास्त्रज्ञाने १८६० मध्ये त्याला नाव दिलं ते दुसऱ्या गटात टाकून, बायस्पिनोसस म्हणून, अर्थ दोन काट्यांचा. नंतर तो सेंट्रोपायजमध्ये आला, हा शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगी, म्हणून शेवट बदलून बायस्पिनोसा. म्हणजे मराठीत आपण ती ब्युटी म्हणतो ते शास्त्रालाही धरून झालं.

ओळखायला फोटो पाठवायचा तर कसा काढू?

बाजूने, समोरून नाही. गाल आणि शेपटीचं मूळ दोन्ही फ्रेममध्ये. टाकीत असेल तर काच पुसा, खोलीतले दिवे बंद करा, टाकीचे निळे दिवे कमी करून पांढरे वाढवा, नाहीतर सगळेच मासे जांभळे येतात. समुद्रात असेल तर किती खोल आणि कुठल्या बेटावर ते लिहा. आणि त्याच्या मागे मागे पोहू नका, दगडासमोर एका जागी थांबा, ज्या भोकात गेला त्याच्या शेजारच्या भोकावर कॅमेरा धरा, एखाद्या मिनिटात तिथूनच डोकावतो.